जीजेबी२ चा अहवाल हातात आल्यावर: कनेक्झिन करतं काय, कानच का बिघडतो, पुढे काय करायचं

नाशिकच्या एका एम.एस्सी. जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: ताईचा मुलगा १४ महिन्यांचा आहे. दारात फटाके वाजले तरी झोपेतून उठत नाही. बेरा तपासणीत (आवाजाला श्रवणनस आणि मेंदू काय प्रतिसाद देतात ते मोजणारी) दोन्ही कानांत ९० डेसिबलला प्रतिसाद आला नाही. जनुकीय तपासणीत जीजेबी२ या जनुकाच्या दोन्ही प्रतींवर सी.७१जी>ए हा बदल सापडला. खाली 'कनेक्झिन २६, गॅप जंक्शन प्रथिन' एवढंच लिहिलंय. ताई-दाजी दोघांनाही नीट ऐकू येतं, लग्न नात्यातलं नाही. हे प्रथिन करतं काय? मूल बाकी धडधाकट असताना कानच का? पुढे काय करायचं? आणि पेशींमधला हा संवाद कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट म्हणून बघता येईल का?

आधी घराला लगेच लागणारी गोष्ट. "मुलगे उशिरा बोलतात, अजून वर्षभर वाट बघा" असं सांगणारे शेजारी, नातेवाईक आणि क्वचित डॉक्टरही भेटतील. त्यांचं ऐकू नका. या बदलात ऐकणं आपोआप सुधारत नाही. पण जन्मजात बहिरेपणाच्या कारणांमध्ये हे त्यातल्या त्यात बरं कारण आहे. बिघाड कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागाच्या, आत आहे. तिथून मेंदूकडे जाणारी श्रवणनस शाबूत असते. म्हणून कॉक्लियर इम्प्लांटचा (श्रवणनसेला थेट विजेचे संकेत देणारं, शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र) या मुलांना चांगला उपयोग होतो, आणि तो किती होईल हे बरंचसं शस्त्रक्रियेच्या वेळच्या वयावर ठरतं. १४ महिने म्हणजे वेळ गेलेली नाही, पण दवडण्याइतकीही नाही.

आता प्रथिन. संप्रेरकं रक्तातून जातात, चेतापेशी रसायन सोडतात. या दोन्हींत निरोप पेशीच्या बाहेर पडतो आणि मग पलीकडच्या पेशीपर्यंत पोचतो. गॅप जंक्शनमध्ये निरोप बाहेर पडतच नाही. दोन शेजारी पेशींची पटलं तिथे एकमेकींपासून फक्त २ ते ४ नॅनोमीटरवर येतात आणि दोन्ही पटलांतून आरपार जाणारं चॅनेल एका पेशीचा आतला द्रव थेट दुसरीच्या आतल्या द्रवाशी जोडतं. कनेक्झिनचा एक रेणू पटलातून चार वेळा आरपार जातो. त्याची दोन्ही टोकं पेशीच्या आत राहतात आणि दोन वेटोळी बाहेर डोकावतात. असे सहा रेणू गोल उभे राहिले की अर्धं चॅनेल होतं, त्याला हेमिचॅनेल म्हणतात. शेजारच्या पेशीचं अर्धं त्याला समोरून भिडलं की बारा रेणूंचं पूर्ण चॅनेल तयार. बाहेरच्या प्रत्येक वेटोळ्यात तीन-तीन सिस्टीन असतात. त्यांच्यातले बंध वेटोळी ताठ धरतात, तेव्हाच ही गाठ बसते. माणसात कनेक्झिनची २१ जनुकं आहेत. नावातला आकडा रेणूच्या अंदाजे वजनाचा, म्हणजे कनेक्झिन २६ सुमारे २६ किलोडाल्टनचं (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) आणि हृदयातलं ४३ सुमारे ४३ चं.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत दोन बिऱ्हाडांच्या सामाईक भिंतीत छोटी खिडकी असायची. वाटीभर साखर इकडची तिकडे जायची, माणूस जायचा नाही. इथेही मापाची मर्यादा साधारण १००० डाल्टन आहे. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियमचे आयन, ग्लुकोज, एटीपी, आणि सायक्लिक एएमपी, आयपी३ यांसारखे पेशीतले छोटे निरोप्ये रेणू हे जातात. प्रथिनं आणि लांब आरएनए जात नाहीत. पण नुसतं माप पुरत नाही, आणि तुमच्या भाच्याचं प्रकरण समजायला हे महत्त्वाचं आहे: प्रत्येक कनेक्झिनची स्वतःची आवडनिवड असते. एकातून ऋणभारित रेणू सहज जातो, दुसऱ्यातून त्याच मापाचा रेणू अडतो.

विजेचा संदेश असा थेट जातो हे फर्शपन आणि पॉटर यांनी १९५९ मध्ये क्रेफिशच्या चेतापेशींत दाखवलं. १९६७ मध्ये रेव्हेल आणि कार्नोव्हस्की यांनी उंदराच्या हृदयात आणि यकृतात लँथॅनम भरून दोन पटलांमधली ती अरुंद फट आणि त्यातली षटकोनी मांडणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. गंमत म्हणजे क्रेफिशमध्ये कनेक्झिन नसतंच. अपृष्ठवंशीयांत तेच काम इनेक्झिन नावाचं, क्रमाने अजिबात न जुळणारं प्रथिन करतं.

ही चॅनेल एकेकटी नसतात. शेकडो-हजारो एकत्र येऊन पटलावर एक चकती बनते आणि ती सतत बदलत असते: नवी चॅनेल कडेने येतात, जुनी मधून जातात. जुना तुकडा काढताना एक पेशी शेजारणीच्या पटलासकट तो गिळते. कनेक्झिन ४३ चं अर्धं प्रमाण अवघ्या एक ते पाच तासांत बदललं जातं, पटलावरच्या प्रथिनाच्या मानाने हे फारच झटपट. म्हणजे हे जोड कायमचे नाहीत. पेशीला हवे तेव्हा ती ते वाढवते, कमी करते, क्षणात मिटते. पेशीच्या आतला पीएच उतरला, आतलं कॅल्शियम फार वाढलं, किंवा कनेक्झिनच्या शेपटीवर ठरावीक जागी फॉस्फेट बसलं की चॅनेल बंद होतं. शेजारीण मरायला लागली तर तिच्याशी असलेलं दार लावून घेणं हे पेशीच्या हिताचंच असतं.

म्हणून 'कनेक्झिन बिघडलं' या दोन शब्दांवरून काहीच कळत नाही. चॅनेल तयारच झालं नाही, की तयार होऊन नको तेव्हा मिटलं, की अर्धं चॅनेल शेजारणीशिवायच उघडं राहून गळतंय? तिन्हींचे आजार वेगळे, वारसा वेगळा, उपाय वेगळे. इंटरनेटवर कनेक्झिन २६ शोधलं की त्वचेचे भयंकर फोटो येतात आणि घरचे घाबरतात, ते हा फरक न कळल्यामुळे.

भाच्याचा बदल पहिल्या प्रकारातला. जनुकाच्या ७१ व्या जागी जी ऐवजी ए आला, त्यामुळे २४ व्या अमिनो आम्लाचा कोड टीजीजी होता तो टीएजी झाला. टीजीजी म्हणजे ट्रिप्टोफॅन, टीएजी म्हणजे 'इथे थांबा'. २२६ अमिनो आम्लांचं प्रथिन २३ वरच तुटतं. त्याचं काहीच होत नाही. जुन्या अहवालांत याच बदलाला डब्ल्यू२४एक्स म्हणतात, दोन वेगळे बदल समजू नका. भारतात या जनुकात सर्वांत जास्त सापडणारा बदल हाच. युरोपात ३५डेलजी आणि पूर्व आशियात २३५डेलसी जास्त, तर युरोपातल्या रोमा लोकांत, ज्यांचे पूर्वज भारतातून गेले, पुन्हा आपलाच डब्ल्यू२४एक्स. म्हणजे बदल जुना आहे, एका पूर्वजापासून पसरलेला आहे. नात्यात लग्न नसतानाही दोन्ही प्रती सारख्याच बिघडलेल्या कशा, याचं उत्तर यात आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लग्नं जातीत-पोटजातीत होतात. मामा-आत्याच्या मुलांचं लग्न नसलं तरी आठ-दहा पिढ्यांमागे पूर्वज एकच निघू शकतो.

कानात काय होतं ते जरा सावकाश बघू. कॉक्लियाच्या मधल्या नळीत एंडोलिम्फ नावाचा द्रव असतो. त्यात पोटॅशियम सुमारे १५० मिलिमोलर, आणि आसपासच्या मानाने त्याचा विद्युतदाब +८० ते +१०० मिलिव्होल्ट. शरीरात पेशीबाहेरचा असा द्रव दुसरीकडे नाही. आवाजाने हेअर सेलच्या (आवाज टिपणाऱ्या पेशीच्या) डोक्यावरचे केस झुकले की या दाबाखाली पोटॅशियम आत घुसतं, पेशी उद्दीपित होते आणि खालून श्रवणनसेला खबर देते. आत आलेलं पोटॅशियम पेशीच्या तळातून बाहेर पडतं. तिथे साठून राहिलं तर हेअर सेल गुदमरेल. ते शेजारच्या आधारपेशी शोषून घेतात आणि आपापसांतल्या गॅप जंक्शनमधून पुढे सरकवत कडेच्या तंतुपेशींपर्यंत नेतात. तिथून स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस ही कॉक्लियाच्या कडेची पट्टी ते पुन्हा एंडोलिम्फमध्ये पंप करते. हे जोड कनेक्झिन २६ आणि ३० मिळून बनवतात. हेअर सेलला स्वतःला मात्र गॅप जंक्शन नसतात.

पाठ्यपुस्तकात गोष्ट इथे संपते: जोड नाहीत, पोटॅशियम फिरत नाही, बहिरेपणा. ती अर्धीच आहे असं माझं मत, आणि पुरावाही तसाच आहे. व्ही८४एल नावाच्या एका बदलात कनेक्झिन २६ चं चॅनेल बनतं, आयन व्यवस्थित जातात, पण आयपी३ नीट जात नाही. तरी माणूस बहिरा होतो. नुसतं पोटॅशियमच कारण असतं तर त्याला ऐकू यायला हवं होतं. आयपी३ आधारपेशींत कॅल्शियमची लाट एका पेशीतून दुसरीत नेतो, आणि ऐकणं सुरू व्हायच्या आधी कॉक्लियाची घडण होते तेव्हा या लाटा लागतात. कनेक्झिन २६ नसलेल्या उंदरांत कोर्टीच्या अवयवातला (हेअर सेल जिथे बसतात त्या भागातला) बोगदा उघडतच नाही. तेच जनुक घडण बरीचशी झाल्यावर बंद केलं तर नुकसान बरंच कमी आणि उशिरा दिसतं. उंदीर जन्मल्यावर बाराएक दिवसांनी ऐकायला लागतो. माणसाचं बाळ पोटात असतानाच, पाचव्या-सहाव्या महिन्यापासून. म्हणजे आपल्या मुलांत ही वेळ जन्माआधीच निघून गेलेली असते.

जनुकोपचाराबद्दल विचारणा होणारच, म्हणून इथेच सांगतो. ओटोफर्लिन (ओटीओएफ) जनुकामुळे बहिऱ्या असलेल्या मुलांवर जनुकोपचाराने ऐकू आल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या आणि त्या खऱ्या आहेत. पण तिथे कॉक्लिया पूर्ण घडलेला असतो, फक्त हेअर सेलमधून रसायन सुटत नाही. जीजेबी२ मध्ये जनुक आधारपेशींतच पोचायला हवं, हेअर सेलमध्ये गेलं तर उलट त्रास, आणि घडणीची वेळ टळून गेलेली. त्या आशेवर इम्प्लांट लांबवू नका. आणखी एक चाणाक्ष प्रश्न विद्यार्थी विचारतात: 'इथे थांबा' हा कोड ओलांडायला लावणारी औषधं असतात, ती का नाही? कारण त्यातलं सगळ्यांत परिचित औषध जेंटामायसिन, आणि ते स्वतःच हेअर सेल मारतं.

मग बाकीचं शरीर ठीक कसं? कनेक्झिन २६ त्वचेत, यकृतात, इतरत्रही असतं, पण तिथे सोबतीला दुसरी कनेक्झिनं असतात आणि ती निभावून नेतात. उंदरात हे जनुक पूर्ण काढलं तर पिल्लू गर्भातच मरतं, कारण त्याच्या वारेत ग्लुकोज दोन थरांतून याच जोडांनी जातं. माणसाच्या वारेची रचना वेगळी, तो थर एकच. म्हणून आपल्याकडे ही मुलं जन्माला येतात आणि बाकी ठणठणीत असतात.

त्वचेचे ते फोटो तिसऱ्या प्रकाराचे, गळतीचे. त्याच जनुकात ५० व्या जागी अ‍ॅस्पार्टेटऐवजी अ‍ॅस्परॅजिन आलं तर हेमिचॅनेल नको तेव्हा उघडतं, पेशीतून माल गळतो, त्वचा जाड होते, डोळ्याच्या बुबुळाला सूज येते आणि बहिरेपणाही येतो. एरवी पेशीबाहेरचं कॅल्शियम, साधारण १ ते २ मिलिमोलर, हेमिचॅनेल मिटवून ठेवतं. या बदलात ती पकड सुटते. आणि इथे एकच बिघडलेली प्रत पुरते. तुमच्या भाच्याच्या बदलात प्रथिनच नाही, तर गळणार काय? त्वचेची काळजी करायचं कारण नाही.

नको तेव्हा मिटण्याचं उत्तम उदाहरण हृदयातलं. जवनिकांच्या स्नायूपेशी टोकाला टोक लावून कनेक्झिन ४३ ने जोडलेल्या असतात, म्हणून ठोका एकसंध पडतो. अलिंदांत आणि ठोका पसरवणाऱ्या हिस-पुरकिंजे जाळ्यात कनेक्झिन ४० जास्त, ठोक्याचा ताल धरणाऱ्या गाठींमध्ये ४५. हृदयाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की तिथला पीएच उतरतो, चॅनेल मिटतात, काही वेळाने कनेक्झिन टोकं सोडून पेशीच्या बाजूंना पसरतं. लहर तिथे रेंगाळते, वळसा घालून परत येते आणि ताल बिघडतो. उंदराच्या हृदयातून कनेक्झिन ४३ पूर्ण काढलं तर ते दोनेक महिन्यांत तालबिघाडाने अचानक मरतात. अर्धं काढलं तर फारसं बिघडत नाही, इतकी राखीव ताकद आहे. हे जोड उघडे ठेवणारं डॅनेगॅप्टाइड हे औषध हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांवर तपासलं गेलं, पण मेलेल्या स्नायूचं प्रमाण त्याने कमी झालं नाही. मिटणं नुकसानीचं की बचावाचं, हे तासातासाला बदलतं; त्यामुळे नुसतं 'उघडं ठेवा' म्हणून भागत नाही.

बाकीचे झटकन. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नाहीत, आतल्या पेशी ४६ आणि ५० च्या जोडांवर जगतात. ते बिघडले की जन्मजात मोतीबिंदू. कनेक्झिन ३२ चा प्रकार वेगळाच: श्वान पेशी नसेभोवती मायलिनचे वेढे घालते आणि आपल्याच वेढ्यांमध्ये जोड बनवते, म्हणजे शेजारीणही तीच. हा आडमार्ग बंद झाला की शार्को-मारी-टूथ आजाराचा एक्स गुणसूत्रावरचा प्रकार होतो: पाऊल लुळं, तळव्याची कमान उंच, पुरुषांत जास्त तीव्र. कनेक्झिन ४३ च्याच बदलांनी डोळे बारीक, दातांचं आवरण कच्चं, करंगळी आणि अनामिका जोडलेली असा एक दुर्मीळ आजार होतो. बाळंतपणाच्या वेळी गर्भाशयाच्या स्नायूत हेच ४३ झपाट्याने वाढतं, म्हणून कळा एकजुटीने येतात. कर्करोगात कनेक्झिन चांगलं की वाईट, यावर कुणी एका शब्दात उत्तर दिलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. गाठ सुरू होताना जोड बहुधा तुटलेले असतात. पण मेंदूत पसरलेल्या कर्कपेशी तिथल्या अ‍ॅस्ट्रोसाइट या आधारपेशींशी जोड बांधून स्वतःचा बचाव करतात, हेही दिसलंय.

आता पुढची पावलं. पहिलं, ताई आणि दाजी दोघांची त्या एकाच जागेची सँगर तपासणी (डीएनएतली अक्षरं क्रमाने वाचणारी). ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत प्रत्येकी २-३ मिली रक्त. नमुना नाशिकहून मुंबई-पुण्याला जातो. दोघं वाहक (एक प्रत बिघडलेली, एक चांगली) निघाले की अहवाल पक्का. दोघांपैकी एकातच बदल सापडला तर दुसऱ्या प्रतीचा तो तुकडाच गळालेला असू शकतो आणि त्यामुळे मुलगा 'दोन्ही प्रतींवर' असल्यासारखा दिसतो. मग प्रयोगशाळेला डिलिशनची, म्हणजे तुकडा गळाल्याची, तपासणी करायला सांगावं लागतं. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बहिरं मूल होण्याची शक्यता चारात एक. पहिलं बहिरं झालं म्हणजे पुढची तीन ऐकणारी, असा अर्थ नाही. पुढच्या वेळी हवं असेल तर ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या नमुन्यावर किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजलावर तपासणी होते, तीही फक्त पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याखाली नोंदलेल्या केंद्रात आणि आधी जनुकीय समुपदेशन घेऊन. करायची की नाही, हे ताई-दाजींनीच ठरवायचं. घरातल्या मोठ्यांनी आग्रह धरू नये. तपासणी न करता बाळ जन्मल्याबरोबर ऐकण्याची चाचणी करून घेणं, हाही पूर्ण शहाणपणाचा मार्ग आहे. ताई वाहक निघाली तर तुम्हीही वाहक असण्याची शक्यता निम्मी. तुमची तपासणी लग्न ठरल्यावर दोघांनी मिळून केली तरी चालते, वाहकाला त्रास काही नसतो.

दुसरं, इम्प्लांटची तयारी आणि श्रवणयंत्र बरोबरच सुरू करा, एकामागून एक नको. बेराबरोबर एएसएसआर (वेगवेगळ्या वारंवारतांवर ऐकणं तपासणारी चाचणी) केली असेल तर वारंवारतेप्रमाणे अंदाज मिळतो. ताकदीचं श्रवणयंत्र दोन्ही कानांना लावून तीनेक महिने थेरपी. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारतं, आणि या वयात कान भराभर वाढतो, साचे दर काही महिन्यांनी नवे लागतात. शिट्टी येते म्हणून आवाज कमी करून ठेवणं ही घरोघरी होणारी चूक. मग तीन महिने यंत्र लावून काहीच ऐकलेलं नसतं. त्याच काळात एमआरआयने श्रवणनस आणि सीटीने कॉक्लियाची हाडं बघून घेतात. जीजेबी२ मध्ये दोन्ही सहसा व्यवस्थित असतात. न्यूमोकोकसची लस शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी पूर्ण हवी, कारण इम्प्लांट असलेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त. डोळे तपासून घ्या. भूल देण्याआधी ईसीजीही. पोटॅशियम चॅनेलचा एक वेगळा आजार बहिरेपणा आणि हृदयाचा तालबिघाड एकत्र आणतो, साध्या पट्टीवर तो कळतो.

खर्चासाठी केंद्र सरकारच्या एडीआयपी (दिव्यांगांना साधनं मिळवून देणाऱ्या) योजनेत लहान मुलांना इम्प्लांट मिळतं आणि त्यात वयाची मर्यादा आहे. नोडल संस्था वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नोंद करा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका. वैद्यकीय तपासण्या पूर्ण आणि दाखला अडकलेला, असं फार वेळा होतं. इम्प्लांटची कंपनी निवडताना एक गोष्ट नक्की विचारा: तिचं मॅपिंग (यंत्र त्या मुलाच्या ऐकण्याप्रमाणे जुळवणं) नाशिकमध्ये कोण करतं? शस्त्रक्रियेनंतर दोन ते चार आठवड्यांनी यंत्र सुरू होतं आणि पहिल्या वर्षी मॅपिंगच्या फेऱ्या बऱ्याच असतात. प्रत्येक वेळी मूल घेऊन कसारा घाट उतरायचा असेल तर फेऱ्या चुकतात, आणि चुकलेल्या मॅपिंगने चांगल्या शस्त्रक्रियेची माती होते.

थेरपी म्हणजे आठवड्याचा तास नव्हे, दिवसभर घरात बोलणं. जी भाषा घरात सहज येते ती बोला. आजी अहिराणीत बोलत असेल तर अहिराणीतच बोलू द्या. मोडक्या इंग्रजीत 'अ‍ॅपल, बॉल' घोकून घेण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. पावसाळ्यात बाहेरचा प्रोसेसर रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा, आणि रंगपंचमीला रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ) जाताना तो घरी.

राहिला प्रोजेक्ट. डाय ट्रान्सफरचा (रंग एका पेशीतून शेजारणीत जातो का ते बघण्याचा) सोपा प्रयोग, स्क्रेप लोडिंग, एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत होतो. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक एवढीच मोठी गरज. हेला पेशी घेऊ नका, त्यांच्यात जोड जवळपास नसतात. हव्या तर 'नाही' दाखवायला घ्या. कनेक्झिन ४३ भरपूर असलेल्या तंतुपेशी किंवा उंदराच्या मूत्रपिंडाच्या एनआरके पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडे विचारा. ३५ मिमीच्या ताटलीत थर पूर्ण भरलेला हवा. मध्ये रिकामी बेटं असतील तर रंग तिथेच थांबतो आणि तुम्ही जोडांना दोष देता. पीबीएसने (पेशी धुवायच्या खाऱ्या द्रावणाने) दोनदा धुवा, मग त्यावर १ मिली पीबीएसमध्ये ०.०५ ते ०.१ टक्का ल्युसिफर यलो आणि ०.०५ टक्का रोडामिन डेक्स्ट्रान (१० किलोडाल्टनचं) घाला, नव्या स्कॅल्पेल पात्याने तीन-चार सरळ चिरे द्या, अंधारात ३ ते ५ मिनिटं थांबा, चारदा धुवा, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने स्थिर करा. ४५७ डाल्टनचा ल्युसिफर यलो जोडांतून पसरतो. डेक्स्ट्रान मोठं म्हणून ते फक्त चिरलेल्या पेशींत राहतं. चिऱ्यापासून पिवळा किती ओळी गेला, ते मोजा. बोथट पात्याने थर फरपटत निघतो आणि लाल-पिवळं सगळं एकत्र दिसतं, ती ताटली टाकून द्या. बंद करून दाखवायला कार्बेनॉक्सोलोन १०० मायक्रोमोलर, १५-३० मिनिटं आधी. ज्येष्ठमधातल्या आम्लापासून बनवलेला हा पदार्थ इतर चॅनेलही अडवतो, तेव्हा निष्कर्ष जपून.

सगळ्यांत जास्त फसवणारी गोष्ट पीबीएसच्या बाटलीत असते. बहुतेक प्रयोगशाळांत कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेलं पीबीएसच भरलेलं असतं, ट्रिप्सिनने पेशी सुट्या करण्यासाठी. त्याने धुतलं की वर सांगितलेली कॅल्शियमची पकड सुटते, हेमिचॅनेल उघडतात आणि रंग शेजारणीकडून न येता थेट बाहेरून आत शिरतो. ताटली सुंदर पिवळी दिसते आणि निकाल चुकीचा असतो. म्हणून पीबीएसमध्ये कॅल्शियम १ मिलिमोलरच्या आसपास ठेवा, आणि एक ताटली रंग घालून पण चिरा न देता ठेवा. ती काळी दिसली तरच बाकीच्या मोजा. उलट बाजूने, रंग गेला नाही म्हणजे जोड नाहीत असंही नाही. कनेक्झिन ३० मधून ल्युसिफर यलो नीट जात नाही, आणि कानात नेमकं तेच आहे. तिथे २८७ डाल्टनचा धनभारित न्यूरोबायोटिन वापरावा लागतो. प्रोजेक्टला दोन्ही रंग परवडत असतील तर एकाच पेशींवर दोन्ही वापरा आणि फरक शेजारी-शेजारी मांडा.